पक्कं करायच्या आधी

कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायच्या, हा आमच्या ऑफिसातला नियम देवळापेक्षाही कडक होता. धूळ आत गेली की मशीन बिघडते, असं मुंबईहून आलेला इंजिनियर सांगून गेला होता. त्यामुळे दाराबाहेर कायम चपला-बुटांचा ढीग असायचा. त्या ढिगात गोतमारे साहेबांच्या चपला मी कधी पाहिल्या नाहीत. ते आपल्या चपला कापडी पिशवीत घालत, पिशवीला गाठ मारत, ती टेबलाच्या खणात ठेवत आणि खणाला कुलूप लावत. मग कुलूप ओढून पाहत, दोन पावलं जात आणि परत येऊन पुन्हा ओढत. नोकरीच्या पहिल्याच दिवशी हा सोहळा पाहून मी मनाशी म्हटलं, बाप्पा, ह्या माणसावर नजर ठेवायला पाहिजे. जो सगळ्यांवर इतका संशय घेतो, त्याचं स्वतःचं काहीतरी असणार.

मी तिथे प्रोग्रामर म्हणून लागले होते. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं आणि कॉम्प्युटरवर काम करते म्हटलं की नातेवाईक माझ्याकडे जरा घाबरूनच पाहत. ऑफिस खाणींचं होतं. सगळ्या खाणींवरच्या कामगारांच्या नोंदी आमच्या मशीनमध्ये असत: नाव, बापाचं नाव, गाव, खाण, काम. गोतमारे साहेब त्या नोंदींचे प्रमुख. उंच, किडकिडीत माणूस, भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशाला दोन पेनं असत, एक लिहायला आणि एक मागणाऱ्याला द्यायला. द्यायच्या पेनाला टोपण नसे, कारण बिनटोपणाचं पेन कोणी स्वतःच्या खिशाला लावून चालू पडत नाही. मूळचे ते कन्हानकडच्या एका खेड्यातले, घरी शेती. बी.एस्सी. होऊन शहरात आले, साहेब झाले, पण बोलणं होतं तसंच राहिलं.

जरीपटक्याला ते भाड्यानं राहत. एकदा बाजारात मला भेटले ते संत्र्याच्या गाडीपाशी. आधी एक संत्रं सोलायला लावलं, त्याची फोड हुंगली, मग खाल्ली, आणि गाडीवाला आता कुठला ढीग तोलतो इकडे डोळे लावून उभे राहिले. गाडीवाला वैतागून म्हणाला की साहेब, रोज येता, रोज तेच करता. साहेब शांतपणे म्हणाले, संत्री तर रोज दुसरी असतात ना गा. सोबत त्यांच्या पत्नी होत्या, शांतावहिनी. त्या माझ्याकडे पाहून हसल्या आणि म्हणाल्या, लग्नाच्या वेळेस ह्यांनी मलेही तीनदा पाहिलं होतं. साहेबांना त्यात विनोद दिसला नाही. ते म्हणाले, पहिल्यांदा तुझी बहीण दाखवली का तूच, हे समजाले नको काय.

नवीन मशीन येण्याआधी आमच्याकडे टेपवाली होती. एखादी नोंद काढायची तर अख्खी टेप नव्यानं लिहावी लागे आणि जुनी कपाटात राही. चूक झाली तर जुनी काढायची. नवीन मशीनवर पडद्यासमोर बसून थेट नोंद पुसता येणार होती, म्हणून आम्ही सगळे खूश. साहेब तेवढे नाखूश. एका बटनात माणूस गायब होते, हे काही बरं नाही, असं ते प्रत्येकाला सांगत फिरले. मग इंजिनियरनं त्यांना समोर बसवून समजावलं. तुम्ही आधी मशीनला सांगायचं की व्यवहार सुरू. मग पुसा, बदला, काय ते करा. तुमच्या पडद्यावर नोंद गेलेली दिसेल, पण ती खरी गेलेली नसते. ‘कमिट’ म्हटलं की कायमची गेली. ‘रोलबॅक’ म्हटलं की सगळं जसंच्या तसं परत. आणि मधेच लाइट गेले तर मशीन धरून चालते की तुमचं ठरलेलं नव्हतं, आणि ती आपण होऊन सगळं परत आणते.

साहेबांनी हे दोनदा ऐकून घेतलं.

“म्हणजे मशीनलेही आपल्यावर भरवसा नाही म्हणा ना,” ते म्हणाले.

इंजिनियर हसला. साहेब हसले नाहीत. “मंग आमचं दोघाइचं जमते,” ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले.

पण जमलं म्हणून विश्वास ठेवतील तर ते गोतमारे कसले. त्यांनी पहिली परीक्षा स्वतःच्या नावावर घेतली. मरायचं तर आपलंच नाव टाकतो, लोकाइचं काहून, असं म्हणून व्यवहार सुरू केला आणि स्वतःची नोंद पुसली. मग दुसऱ्या पडद्यावर जाऊन पाहिलं तर तिथे ते अजून जिवंत होते. समाधान झालं असेल असं आम्हाला वाटलं, तेवढ्यात ते भिंतीकडे गेले आणि त्यांनी मेन स्विचच खाली ओढला. खोली गार अंधारात बुडाली. इंजिनियर ‘अहो, अहो’ करत धावला आणि घामाघूम होऊन खाली बसला. मशीन परत सुरू व्हायला बराच वेळ लागला. सुरू झाल्यावर साहेबांनी आपलं नाव शोधलं, ते होतं तिथेच होतं. बापाचं नाव, गाव, हुद्दा, सगळं वाचून काढलं आणि इंजिनियरला म्हणाले, आता चहा पाजतो तुमाले. चहा आल्यावर तो मात्र आधी हुंगला.

त्या दिवसापासून कमिटला ‘पक्कं’ आणि रोलबॅकला ‘वापस’ म्हणायची पद्धत आमच्या खोलीत पडली. पुसण्याची रीतही साहेबांनी घालून दिली. आधी जे पुसायचं ते पडद्यावर दाखवायचं. मग व्यवहार सुरू करून पुसायचं आणि मशीन सांगते तो आकडा आधीच्याशी जुळवायचा. मग, आणि हे त्यांचं खास, गेलं ते सोडून उरलं ते पाहायचं. पक्कं करायचं ते त्यानंतर. शिवाय ज्यानं टाइप केलं त्यानं पक्कं करायचं नाही, ते दुसऱ्यानं. ह्या रीतीचा मला भयंकर राग यायचा. एक नोंद काढायला अर्धा तास जायचा, आणि बाजूचे लोक विचारायचे की तुमच्या साहेबाला तुम्ही चोर वाटता का. मी म्हणायची, मीच काय, तुम्हीही वाटता.

एकदा आमच्यातल्या एकानं वारलेल्या कामगाराची नोंद पुसताना बापाचं नाव घालायचंच सोडलं. त्याच नावाचा दुसरा एक माणूस त्याच खाणीवर होता. मशीननं आकडा दाखवला आणि साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एकाच्या मरणात दोघं नेऊन राहिले तुमी, एवढंच म्हणाले, आणि ‘वापस’ करायला लावलं.  त्या दिवशी रीतीवरचा माझा राग जरा उतरला. साहेबांवरचा संशय मात्र होता तिथेच होता.

त्या वर्षी कार्मिक विभागाला सबनीस नावाचे नवे अधिकारी आले. महाल भागातले, भोसल्यांच्या काळापासून लेखणीवर जगलेलं घराणं, हात स्वच्छ. बोगस नावांवर त्यांचा फार राग होता आणि तो उगाच नव्हता. खाणीवर नाव एकाचं आणि काम करणारा दुसरा, किंवा नाव आहे आणि माणूसच नाही, असे प्रकार चालत. सबनीसांनी खाणीखाणीवर पडताळणी ठेवली. ठरल्या दिवशी प्रत्येकानं वर ऑफिसात यायचं, फोटो काढायचा, अंगठा द्यायचा. आला नाही तो बोगस. कन्हानजवळच्या एका खाणीची पडताळणी भर श्रावणात झाली, न आलेल्यांच्या नोंदीपुढे खूण पडली आणि हुकूम आला की खुणेची नावं पुसा. नाव पुसलं की हजेरी बंद, हजेरी बंद की काम, दवाखाना, क्वार्टर सगळंच बंद.

आता सगळ्या ऑफिसला एक गोष्ट ठाऊक होती. शांतावहिनींचा एकुलता एक भाऊ, साहेबांचा साळा पुंडलिक, त्याच खाणीवर पंप खलाशी, म्हणजे पंप चालवणारा होता. साहेबांनीच शब्द टाकून त्याला तिथे लावला होता. आणि खूण त्याच्याही नावापुढे होती. खालच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषयच नव्हता. आता बघू गोतमारे कसा पुसतो, म्हणून लोक हात चोळत बसले होते. खरं सांगायचं तर मलाही तेच बघायचं होतं.

टाइप करायला मी बसले. नावं पडद्यावर आली, साहेब मागे उभे राहून वाचत होते. एका नावाशी ते म्हणाले, हे परत वाचा. मी वाचलं. पुंडलिकचं होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पुसा, म्हणाले. मी व्यवहार सुरू केला, पुसलं, आकडा जुळला. मग त्यांच्या रीतीप्रमाणे उरलेलं पाहिलं. त्या खाणीवर कोणत्या कामाला किती माणसं उरली, ते मशीन एकेका ओळीत सांगू लागली. कोळसा भरणारे होते, लाकडाचे टेकू लावणारे होते, दिवे सांभाळणारे होते. पंप खलाशांपुढे शून्य होतं.

साहेब वाकून त्या शून्याकडे पाहत राहिले.

“खाण नदीकाठाले हाय, दिवस पावसाचे हायेत,” ते हळूच म्हणाले. “पंपावर कोणीच नाही, तर पाणी कोण उपसून राहिलं?”

त्यांनी सबनीसांना बोलावलं. सबनीसांनी शून्य पाहिलं, पण त्यांना त्यात दुसरंच दिसलं. ते म्हणाले, म्हणजे पंपवाल्यांची अख्खी टोळीच बोगस आहे, आणि तुमचा मेव्हणा त्यातच आहे, नाही का. साहेब म्हणाले, हाय ना जी. मग कमिट करा, सबनीस म्हणाले. साहेब म्हणाले, नाई जी, पाहून येतो.  मेव्हण्याला वाचवायला हा माणूस कुठवर जातो, हेच सगळ्यांच्या मनात होतं.

जाताना ते माझ्या खुर्चीपाशी आले. मी म्हटलं, मग वापस करून टाकते, तुम्ही आल्यावर पुन्हा करू.

“वापस नका करू, पक्कंही नका करू,” ते म्हणाले. “हे असं लटकून आहे तोवर त्या खाणीच्या नोंदीले दुसऱ्या कोणाचा हात लागत नाही. वापस केलं का कोणीतरी येते, दुसरीकून पुसते आन् पक्कं करून टाकते. तुमी उठू नका इथून. चहालेही नाही.”

खणातून पिशवी काढून ते गेले, आणि मी त्या पडद्यासमोर राखण बसले. मला असा संताप आला म्हणून सांगू. एक तर ह्यांच्या साळ्याचं लचांड माझ्या गळ्यात, आणि वर बाकीच्यांचे पडदे अडकले. त्या खाणीचं काम ज्याला ज्याला करायचं होतं त्याची मशीन नुसती थांबून राहिली, आणि जो तो येऊन मला विचारू लागला की काय चाललंय, तुमचा किती वाटा. दुपारी सबनीस स्वतः आले. पायातले बूट न काढता सरळ आत आले, तेव्हाच मला कळलं की प्रकरण वर गेलं आहे. म्हणाले, तुम्ही कमिट द्या, जबाबदारी माझी. मी म्हटलं, साहेब, ज्यानं टाइप केलं त्यानं पक्कं करायचं नाही, असा नियम आहे. नियम कोणाचा, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गोतमारे साहेबांचा. आणि गोतमारे कुठे आहेत? मी म्हटलं, पाहायला गेलेत. बोट कळफलकावर होतं, एक शब्द टाइप केला की मी मोकळी होणार होते. सबनीसांनी खाणीवर फोन लावून पाहिला, तो लागेना. मग समोरची खुर्ची ओढून तेही बसले. माणूस वाईट नव्हता.

ऑफिस सुटायच्या वेळेला साहेब आले. पँट गुडघ्यापर्यंत काळी आणि ओली, चपलांची पिशवी हातात. मागे दाराशी दोन माणसं गमबूट काढत उभी होती, पंपवाले. त्यांच्या हातांची कातडी पाण्यात राहून पांढरी पडली होती.

“हे खरे हायेत जी,” साहेब सबनीसांना म्हणाले. “पाणी चढून राहिलं. तिन्ही पाळ्यांचे पंपवाले दिवसरात्र खाली हायेत. त्या दिवशी फोटोसाठी सगळे वर आले असते, तर खालची माणसं बुडाली असती. यांच्यात खोटा एकच हाय.”

“कोण?” सबनीसांनी विचारलं.

“माझा साळा. त्याच्या जागेवर गावचा एक गडी उभा हाय. पुंडलिक कामठी रोडवर पानठेला चालवून राहिला. मी पाहून आलो.”

 सबनीस खुर्चीतून उठले. मग मऊ आवाजात म्हणाले की गोतमारे, आज वापस करू या, बाकीची माणसं राहू देत. तुमच्या मेव्हण्याचं उद्या बघू, रीतसर चौकशी लावू.

“उद्या नाई जी,” साहेब म्हणाले. “घरी गेलो का शांता समोर येते. मंग माह्या हातून होत नाही. माझा मले भरवसा नाही.”

मी ‘वापस’ केलं. मशीननं सगळे पंपवाले परत आणले. दाराशी उभ्या दोघांना आत बोलावून साहेबांनी त्यांची नावं पडद्यावर दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी नुसते हात जोडले. मग साहेबांनी मला नवा व्यवहार सुरू करायला सांगितलं. पुंडलिक, बापाचं नाव, गाव, खाण, काम. दाखवा. पुसा. उरलेले पाहा. सगळं नेहमीसारखं झालं. टाइप मी केलं होतं, म्हणजे पक्कं त्यांनीच करायचं होतं. नियम त्यांचाच होता. मी खुर्ची सोडली. ते बसले, नाव पुन्हा एकदा वाचलं, शर्टाच्या बाहीनं चष्मा पुसला, आणि पक्कं केलं.

ऑफिसनं त्यांना ह्याचं श्रेय दिलं असं समजू नका. काही म्हणाले, बाकीच्यांना वाचवायला पंपवाल्यांकडून काहीतरी घेतलं असेल. काही म्हणाले, आपण अडकायला नको म्हणून साळ्याला पुढे केलं. माझ्याही डोक्यात एक किडा होताच. पहिल्यांदा नावं वाचताना ‘हे परत वाचा’ म्हणाले होते, ते काहून? मी एकदा विचारलंच की तुम्हाला आधीपासून माहीत होतं का. ते म्हणाले, संशय होता. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललात. ते म्हणाले, संशय होता ताई, पाहिलं कुठं होतं. खरं बोलत होते की नाही, देव जाणे. मी आजही पैजेवर सांगणार नाही.

किंमत मात्र कोणी मोजली ते मला माहीत आहे. पुंडलिकनं बहिणीचं दार सोडलं. त्या दिवाळीत वहिनींना माहेराहून न्यायला कोणी आलं नाही आणि भाऊबीजेलाही कोणी आलं नाही. साहेबांनी दोनदा पानठेल्यावर जाऊन हात जोडले, असं वहिनींकडूनच मला कळलं. त्यानं पान लावून दिलं नाही, की तोंड वर करून पाहिलं नाही.

पुढे साहेब निवृत्त झाले आणि मनीषनगरला प्लॉट घेऊन त्यांनी लहानसं घर बांधलं. तेव्हा तिकडे रेल्वे फाटक ओलांडलं की चार-दोन घरं आणि बाकी काळी माती होती. माझा भाऊ तिथेच पलीकडच्या गल्लीत राहायला गेला होता. एका भाऊबीजेला त्याला ओवाळून निघाले, दिवस नुकताच मावळला होता, म्हटलं साहेबांना भेटून जावं.

वहिनी ओट्यावर ताट घेऊन उभ्या होत्या. निरांजन लावलेलं, सुपारी, कुंकू, अक्षता, सगळी तयारी. पश्चिमेला बीजेची बारीक कोर निघाली होती. ज्या बाईला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, हे मला माहीत होतं, पण वहिनींना तर भाऊ होता. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं.

“दरसाल ताट घेऊन उभी राहतो वं,” त्या म्हणाल्या. “म्हणतो, चंद्राले ओवाळून मोकळी होतो. आन् दरसाल हे थांबवतात.”

साहेब गेटपाशी उभे होते, रेल्वे फाटकाकडे तोंड करून. मला पाहून मान हलवली, पण रस्त्यावरची नजर काढली नाही. बर्डीवरून अजून एक बस आहे, एवढंच म्हणाले. मीही त्यांच्या शेजारी उभी राहिले. माणूस पार वाळला होता, आणि मला एकाएकी त्यांची फार माया आली.

बस आली. फाटकाशी थांबली, माणसं उतरली. साहेब एकेकाकडे पाहत होते. कोणी डावीकडे गेलं, कोणी उजवीकडे, एकजण आमच्या दिशेनं आला आणि शेजारच्या घरात शिरला. रस्ता रिकामा झाला. कोर समोरच्या घराच्या टाकीला टेकली होती.

“अजी, चालली कोर,” वहिनी म्हणाल्या. “करू का?”

“थांब वं,” साहेब म्हणाले.

वहिनींनी वाऱ्याला आड म्हणून ज्योतीवर हात धरला. आम्ही तिघं तशीच उभी राहिलो. कोर टाकीमागे गेली आणि दिसेनाशी झाली. मग वहिनींनी ताट ओट्यावर ठेवलं. त्यांनी ना भावाला ओवाळलं, ना चंद्राला.

मी निघाले. रस्त्यावर आले आणि मागे वळून गेट लावायला लागले, कारण त्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला साहेब बजावत की कडी घाला आणि ओढून पाहा. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गेटची दोन्ही दारं सताड उघडी होती, आणि दगड लावून ठेवली होती.

“राहू द्या ताई,” साहेब म्हणाले. “आज उघडंच राहू द्या.”